माधुरी आमच्याच बसला असायची

अंधेरी पूर्वेला साठीच्या आसपासचा कोणीही मराठी माणूस गाठा आणि माधुरी दीक्षितचं नाव काढा. तो आधी गप्प बसेल. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसेल आणि म्हणेल, "माधुरी ना? आमच्याच बसला असायची." पुढे तपशील येतात. ती खिडकीशी बसायची. कंडक्टरला नेहमी सुटे द्यायची. एकदा तिची छत्री बसमध्ये राहिली होती. ती छत्री कोणी परत केली, हे तो सांगत नाही. ते आपण ओळखायचं असतं.

माधुरीचं बालपण अंधेरीत गेलं, शाळा तिथलीच डिव्हाइन चाइल्ड, कॉलेज पार्ल्याचं साठ्ये, एवढं खरं. पण तिच्या बसला असलेले, तिच्या मागच्या बाकावर बसलेले आणि तिला मायक्रोबायोलॉजीच्या नोट्स दिलेले जेवढे लोक मला आजवर भेटले, तेवढे खरे धरले तर बेस्टला त्या मार्गावर डबल डेकरचा ताफा सोडावा लागला असता आणि साठ्ये कॉलेजला तास मैदानात भरवावे लागले असते. मायक्रोबायोलॉजी तिने सहा महिन्यांतच सोडली म्हणतात. इतक्यांच्या नोट्स वाचायच्या म्हटल्यावर दुसरं काय करणार बिचारी?

यात एक गंमत आहे. १९८४ साली तिचा 'अबोध' आला आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत गेला. त्या वर्षी ती आपल्या बसला असते हे अंधेरीत कोणालाही आठवत नव्हतं. १९८८ साली 'तेजाब' लागला आणि सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम परत आली. १९९९ साली तिचं लग्न झालं, तेव्हा निम्मं उपनगर हळहळलं. निम्मंच, कारण उरलेल्या निम्म्याचा, म्हणजे महिलावर्गाचा, निर्णय तासाभरात झाला होता : मुलगा डॉक्टर, अमेरिकेत, आडनाव नेने. नाव ठेवायला कुठे जागाच नाही. आमच्या मुलुंडच्या एक काकू तर असं बोलत होत्या की जणू हे स्थळ त्यांनीच सुचवलं होतं आणि दीक्षितांनी उशिरा का होईना त्यांचं ऐकलं.

दक्षिणेत लोक नटनट्यांची देवळं बांधतात. तिरुचिरापल्लीला खुशबूचं बांधलं होतं. रजनीकांतचा सिनेमा लागला की त्याच्या उंचच उंच कटआउटवर दुधाचा अभिषेक होतो. आमच्या मुलुंडला असलं काही काढलं, तर पहिला प्रश्न येईल की दूध कोणत्या डेअरीचं आणलं, दुसरा येईल की पावती कोणाकडे आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाला सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. आम्ही हात जोडत नाही. आम्ही आधी नातं लावतो आणि मग हक्काने चुका काढतो. मराठी उपनगरी माणसाचं कलावंतावरचं प्रेम ओळखायचं असेल, तर तो किती टाळ्या वाजवतो हे पाहू नका. तो "पण" कधी म्हणतो तिकडे कान ठेवा. "आवाज सुंदर आहे हो, पण..." असं म्हणाला की समजा, हा जीव ओवाळून टाकणारा आहे.

गिरगाव-दादर सोडून जी कुटुंबं मुलुंड, बोरिवलीला आली, ती येताना पाट, परात, देव्हारा आणि आपापला नट घेऊन आली. राजेश खन्ना ठाकूरद्वारचा आणि जितेंद्रही गिरगावातल्या चाळीत वाढलेला. दोघं एका शाळेत होते. त्यामुळे बोरिवलीच्या प्रत्येक तिसऱ्या इमारतीत एक तरी आजोबा असे सापडतात, ज्यांनी जितेंद्रला गल्लीत क्रिकेट खेळताना आउट केलं आहे. पायचीत. जितेंद्रला त्रिफळाचीत केल्याचा दावा मी अजून ऐकलेला नाही. खोटं बोलायलाही आमच्याकडे मर्यादा असते.

राजेश खन्नाची गोष्ट जरा नाजूक आहे. १९६९च्या 'आराधना'पासून पुढची दोन-तीन वर्षं एकामागून एक सिनेमे चालले आणि मुली त्याला रक्ताने पत्रं लिहायच्या, त्याच्या पांढऱ्या गाडीवर ओठांचे ठसे उमटायचे, असं सांगतात. त्या मुली आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि संध्याकाळी मुलुंडच्या बागेत बाकावर बसलेल्या असतात. मी त्यांच्यातल्या एकींना धीर करून विचारलं, तुम्ही लिहिलं होतं का हो पत्र? त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, यजमान तिसऱ्या फेरीला पुरेसे लांब गेले आहेत याची खात्री केली आणि म्हणाल्या, "लिहिलं होतं. पण शाईने. रक्त म्हणजे काहीतरीच. आणि शुद्धलेखन तपासून घेतलं होतं." १९७३ साली त्याने डिंपलशी लग्न केलं, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. घरच्यांना सांगितलं, उपास आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं सिनेमाने बिघडवलं. मुळीच नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन तगड्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. तिकिटांचे दर अवाच्या सवा होते, तरी मुंबईबाहेरून माणसं लोटली. फंड देशासाठी होता, पण प्रेक्षक काही एवढ्यासाठीच आले नव्हते. अर्धे आले होते केशवराव गंधर्वांना भारी पडतात हे बघायला आणि अर्धे आले होते ते कसे पडत नाहीत हे बघायला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. वाद मात्र गेला नाही. त्या रात्री कोण जिंकलं यावर मी मुलुंडमध्ये दोन माणसं तावातावाने भांडताना पाहिली आहेत. दोघांचाही जन्म १९५० नंतरचा.

बालगंधर्व जशी साडी नेसत तशी घरंदाज बायका नेसू लागल्या, हे तर सर्वश्रुत आहे. पुरुषाने स्त्रीचं काम करायचं आणि स्त्रियांनी त्याच्याकडून स्त्रीचं राहणं शिकायचं. त्यापुढे भाचीने कोरियातल्या गाणाऱ्या पोरांसारखे केस कापून घेतले, म्हणून घरात एवढा आरडाओरडा कशाला, हे मी बहिणीला विचारून पाहिलं. उत्तर मिळालं नाही, चहाही मिळाला नाही.

पण उपनगरातला खरा अखंड यज्ञ म्हणजे रफी की किशोर. आमच्या सोसायटीत दोन काका आहेत. दोघंही बँकेतून निवृत्त, दोघांचा मजला एक. एक रफीवाले, एक किशोरवाले. रफीवाल्या काकांकडे वह्या आहेत. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागायची, तेव्हा कोणतं गाणं कितव्या पायदानावर, हे त्यांनी लेजर लिहावं तसं लिहून ठेवलंय. रफीची गाणी निळ्या शाईत, बाकीच्यांची काळ्या. किशोरची पेन्सिलीत, कारण "ती कधीही खोडता येतात".

याच काकांना गिनेस बुकाचा अजून राग आहे. गोष्ट खरी आहे. १९७४च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर जगात सर्वाधिक, पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी मांडली गेली. एरवी जो माणूस आवाज चढवायचा तो फक्त गाण्यात, त्या रफीसाहेबांनी याला हरकत घेतली. माझा आकडा याहून मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं. ३१ जुलै १९८० रोजी ते गेले. पुढे १९८४च्या आवृत्तीत दोघांची नावं आणि दोघांचे आकडे आले, १९९१ साली ती नोंदच काढून टाकली आणि २०११ मध्ये गिनेसवाल्यांनी मान दिला तो आशाबाईंना. संग्राहकांनी एकेक तबकडी मोजली, तेव्हा लताबाईंची काय किंवा रफीसाहेबांची काय, हिंदी चित्रपटगीतं साडेचार-पाच हजारांच्या आसपासच भरतात असं दिसलं. पाच हजार गाणी हीसुद्धा माणसाच्या आवाक्याबाहेरचीच गोष्ट आहे, पण आमच्या काकांना वीस हजारांची तूट सहन होत नाही. बँकेत असते तर त्यांनी रात्रभर बसून ताळा जुळवला असता. "लंडनला वह्या पाठवून द्या," असं मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, "पाठवल्या असत्या. पण परत कोण आणून देणार?"

किशोरवाल्या काकांचा पवित्रा साधा आहे. ते वाद घालत नाहीत, नुसते हसतात आणि मानेला एक झटका देतात. हे रफीवाल्यांना जास्त लागतं. मध्यंतरी वाद मराठीवर आला. किशोरवाले म्हणाले, आमच्याने मराठी चित्रपटात गाणं म्हटलं, 'गंमत जंमत', १९८७, ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी, आणि अजून प्रत्येक वरातीत वाजतं. रफीवाले याच क्षणाची वाट बघत असावेत. "आमच्या रफीला मराठीत कोणी आणलं? श्रीकांत ठाकरे. त्यांचे वडील कोण? प्रबोधनकार. आणि तुम्ही येत्या रविवारी बोरिवलीला ज्या नाट्यगृहात किशोर नाइट ऐकायला चाललाय, त्या नाट्यगृहाचं नाव काय?" किशोरवाल्या काकांचा झटका मानेतच राहिला. त्या दिवशी लिफ्टमधून दोघं वेगवेगळे वर गेले.

वाद तोंडी होता तोवर ठीक होतं. मग कराओके आलं. आता मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सोसायटीचे हॉल, मंगल कार्यालयांचे मधले मजले, बंद पडलेले क्लासेस, जिथे जिथे प्लग चालतो तिथे तिथे शनिवारी संध्याकाळी कोणीतरी मुकेश असतो. या संस्थेचं अर्थशास्त्र अद्भुत आहे. जगात इतरत्र ऐकणारा पैसे देतो आणि गाणारा घेतो. इथे गाणारा गाण्यामागे पैसे भरतो आणि ऐकणाऱ्याला बटाटेवडा फुकट मिळतो, तरी ऐकणारे मिळत नाहीत. समोर बसलेले सगळे आपापल्या पाळीची वाट बघत असतात. आपलं गाणं झालं की दोन गाण्यांपुरतं भान ठेवून बसायचं, तिसऱ्याला फोन आल्यासारखं करून उठायचं, असा रिवाज आहे. शेवटच्या गायकाला फक्त ट्रॅक लावणारा मुलगा आणि खुर्च्या उचलणारा ऐकतात. म्हणून शेवटचा क्रमांक संयोजक स्वतःकडे ठेवतो. त्याच्याकडे हॉलची किल्ली असते.

रफीवाल्या काकांना मी तिथे जवळून पाहिलं आहे. अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर, मे महिना. खिशात लवंग. टॅबलेटवर देवनागरीत शब्द, तरी वर एक हाताने लिहिलेला कागद, कारण यंत्राचा भरवसा नाही. त्यांनी 'बैजू बावरा'मधलं ते सुप्रसिद्ध भजन निवडलं, ज्याच्या शेवटी रफीसाहेब जिथे पोचतात तिथे आजवर दुसरं कोणी गेलेलं नाही. ट्रॅकवाल्या मुलाने हळूच विचारलं, "काका, दोन पट्ट्या खाली घेऊ?" काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजरेनेच सांगितलं, तीन घे. गाणं सुरू झालं. कडव्यांमध्ये काका छान होते, खरंच छान. पंचाईत झाली मधल्या संगीताची. वाद्यं वाजतात त्या वेळी गायकाने करायचं काय, हे कोणीच शिकवत नाही. काकांनी आधी छताकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग ओळखीच्या एकाला मानेने "कधी आलात?" असं विचारलं. तेवढ्यात कडवं सुरू होऊन गेलं. शेवटचा स्वर जवळ आला तशी काकूंनी पर्समधली बीपीची गोळी हातात काढून ठेवली. काकांनी डोळे मिटले, मान वर केली, माइक तोंडापासून हातभर लांब नेला आणि त्या स्वरावर ते काहीही बोलले नाहीत. ट्रॅकवाल्याने एको वाढवला. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात वाजवल्या त्या किशोरवाल्या काकांनी. पुढचा नंबर त्यांचा होता.

या सगळ्यात नवल कशाचं, तर ज्यांना पाहायला जग धडपडतं ती माणसं आमच्याच अंगणात राहिली आणि आम्ही त्यांना पाहिलं नाही. 'मुगल-ए-आझम'चा शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला होता. बॉम्बे टॉकीज मालाडला, फिल्मिस्तान गोरेगावला, आर. के. चेंबूरला. आर. के. स्टुडिओत २०१७ साली आग लागली आणि २०१९ साली ती जागा बांधकाम कंपनीने घेतली. आता तिथे फ्लॅट आहेत. उपनगरात कुठल्याही प्रेमाची गाडी शेवटी कार्पेट एरियावर येऊन थांबते. घाटकोपरचं ओडियन थिएटरही गेलं, त्याच जागी त्याच नावाचा मॉल आहे. ज्यांनी तिथे पहिल्या दिवसाचा पहिला खेळ पाहिला, ते आता तिथे नातवाला फ्रेंच फ्राइज खाऊ घालतात आणि सरकत्या जिन्यावर उभं राहून "इथे बाल्कनी होती" म्हणतात.

अमिताभ रविवारी 'जलसा'च्या फाटकावर येतात. ते त्या वेळी पायांत चपला घालत नाहीत, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. मुलुंडकर तिथे स्वतःहून कधीच जात नाही. गावाहून पाहुणे आले की जावं लागतं. २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यापासून तर सबबच राहिली नाही. घाटकोपरला चढायचं, अंधेरीला उतरायचं, रिक्षा करायची. तिथे पोचल्यावर पाहुणे गर्दीत शिरतात. मुलुंडकर शिरत नाही. तो पलीकडच्या फुटपाथवर, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा उभा राहतो. आपण काही अमिताभला बघायला आलेलो नाही, हे त्याला दिसायला हवं असतं. फाटक उघडतं, गलका होतो, मुलुंडकराच्या टाचा आपोआप उचलल्या जातात. परतीच्या मेट्रोत सांगलीचे मेव्हणे डोळे पुसत असतात, "दर्शन झालं हो!" आणि हा म्हणतो, "बारीक वाटला. पण..." सुरू झालं.

तरुण पिढी वेगळी आहे असं नका समजू. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये गायले. तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत लाखो माणसं होती. आमच्या पुतण्याला मिळालं. त्याची किंमत ऐकून घरातल्या आजोबांनी ताटावरून उठायची धमकी दिली. परत आल्यावर पुतण्याला विचारलं, कसा झाला कार्यक्रम? तो म्हणाला, "भारी. पण साउंड डाव्या बाजूला मार खात होता." आजोबांचा चेहरा उजळला. वंश पुढे चालू आहे.

नटाची खरी तारांबळ मात्र नाटकात उडते. डॉ. काशिनाथ घाणेकर पेशाने दंतवैद्य. पण त्यांच्या एंट्रीला शिट्ट्या वाजायच्या आणि त्यांच्या नावावर हाउसफुल्लचे बोर्ड लागायचे. आजही मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ किंवा बोरिवलीचं प्रबोधनकार, कुठेही जा. पडदा पडला की निम्मा प्रेक्षक घरी जातो आणि निम्मा "आत जाऊन भेटून येऊ" म्हणतो. आत म्हणजे रंगपटात. तिथे अर्धा मेकअप पुसलेला नट एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन उभा असतो. त्याच्यासमोर अडीच-तीन तास मनापासून हसलेली, रडलेली माणसं रांगेने येतात आणि प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो : "काम छान झालं. पण दुसऱ्या अंकात जरा लांबलं." नंतर फोटो. नंतर "ओळखलंत का? आमच्या साडूंच्या लग्नात आपण एका पंगतीला होतो." नट बिचारा ओळखतो. त्याला ओळखावंच लागतं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. हौसेने नाटकाला जा, तिकीट काढून जा, आत जाऊन भेटाही. पण दुपारचा प्रयोग मुलुंडला असतो तेव्हा रात्रीचा बोरिवलीला असू शकतो, आणि मधे घोडबंदर रोड असतो. दुसरा अंक लांबला हे त्यांना माहीत आहे. तुम्ही दारात उभे आहात, आणि मागे चार माणसं सोफासेट खांद्यावर घेऊन टेम्पोकडे निघाली आहेत. जरा बाजूला व्हा.